लाखेचं ठिगळ

देवरीच्या रस्त्यावर गाडी नाल्यात गेली तेव्हा डायवरभाऊ झोपले नव्हते. हे मला ठाऊक होतं, आणि फक्त मलाच. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते आयुष्यभर समजत राहिले की आपला डोळा लागला.

मी इथं कोणाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते गाडीवरूनच ओळखतील. त्या काळी आमच्या भागात खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

गोंदियात रेल्वे फाटकापलीकडे टिनाच्या एका शेडमध्ये उस्तादांचं वर्कशॉप होतं. इंजिनाचं काम ते स्वतः बघत आणि पत्राकाम माझ्याकडे होतं. माझं वय तेविसाच्या आसपास असेल. घरी धानाची शेती होती, पण मला चिखलापेक्षा पत्रा बरा वाटायचा. आदल्या हिवाळ्यात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि उस्ताद गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "अब हम बम्बईवाले हैं, काम भी बम्बई जैसा मिलेगा." काम आधीसारखंच होतं.

ती गाडी लढाईच्या आधीची, विलायती, काळी. बिडीपत्त्याचा, म्हणजे तेंदूच्या पानांचा, ठेका घेणाऱ्या एका शेठची. शेठला बोदलकशाच्या तलावावर गळ टाकून बसायचा नाद होता. येताना ओली जाळी आणि माशांच्या टोपल्या गाडीतच टाकून आणायचे. त्याचं पाणी काथ्याच्या पायपुसण्याखाली मुरायचं. पावसाळ्यात नाले ओलांडताना खालूनही पाणी लागायचं. वैशाखात गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी पायपुसणं उचललं आणि तळाच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो भाजलेल्या पापडातून जावा तसा आरपार गेला. मडगार्डची कड गंजली होती, मागच्या दाराचा खालचा काठ गेला होता, आणि तळाला चार मोठी भोकं होती. त्यांतलं एक डायवरच्या सीटसमोर, पायांपाशी.

गंजलेला पत्रा दुरुस्त करायची रीत सरळ आहे. गंजलेला भाग कापून टाकायचा. जिथं पत्रा चमकतो, म्हणजे जिवंत लागतो, तिथपर्यंत कापायचं. मग ड्रमच्या जाड पत्र्याचा तुकडा बसवून गॅसनं जोडायचा. अर्धवट कापलं तर जोड गंजावर बसतो आणि वर्षात सुटतो. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच. ते म्हणायचे, भोक दिसतं त्याच्या दुप्पट असतं.

मडगार्ड, दार आणि तळाची तीन भोकं मी तशीच नीट केली. चौथ्याच्या वेळी गॅसचा सिलिंडर संपला. दुसरा नागपूरहून रेल्वेनं यायचा होता, तो आला नाही. शेठचं माणूस रोज येऊन सांगायचं की सोमवारी गाडी पाहिजेच, तेंदूपत्त्याचे फड, म्हणजे पानं गोळा करायचे तळ, सुरू झाले आहेत, शेठला देवरीकडच्या जंगलात फडोफड फिरायचं आहे. उस्ताद तिरोड्याला एका लग्नाला निघाले होते. जाताना त्यांनी सांगितलं की चौथ्या भोकावर पत्रा ठेवून रिबिट मार, वरून डांबर लाव, सिलिंडर आला की पक्कं करू.

रिबिट म्हणजे आरपार घालून दोन्हीकडून ठोकायचा खिळा. तो मारायचा तर खालून सायलेन्सरचा पाइप सोडावा लागत होता. त्याचे नट गंजून एकजीव झाले होते. मी एक सोडवायला गेलो तर तो तुटला. दुसऱ्याला हात लावायची भीती वाटली. पाइप तुटला तर सोमवार गेला.

तेव्हा मला लाखेची आठवण झाली.

आमच्या भागात लाख काय चीज आहे ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर ती धरते. गोंदियात तेव्हा लाखेचे कारखाने होते आणि वाऱ्याबरोबर तो वास शहरभर फिरायचा. गावात विळ्याची मूठ सैल झाली की लाख तापवून तिच्यात विळ्याचं शेपूट रोवायचं. कोठीला चीर गेली, बादलीला भोक पडलं, लाख. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो. माझे वडील म्हणायचे की लाखेनं जुळलेलं माणसाच्या हातानं तुटत नाही.

वर्कशॉपच्या मागेच एक कारखाना होता. तिथून मी ओंजळभर लाख आणली. ती वितळवून तिच्यात विटेची भुकटी आणि तागाचे धागे मिसळले. खालून भोकाला टिनाची पट्टी अडकवली, वरून लाख थापली आणि तापलेल्या सळईनं फिरवून फिरवून गुळगुळीत केली. थंड झाल्यावर काळा रंग मारला. ते ठिगळ गॅसनं केलेल्या तिन्हीपेक्षा सुरेख दिसत होतं. उस्ताद परत आल्यावर त्यांनी चारही जागा अंगठ्यानं दाबून बघितल्या. चौथ्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"रिबिट किधर है?"

मी म्हटलं, "आतून मारली उस्ताद, वरून लेप दिला."

ते खूश झाले. म्हणाले, या दिवाळीपासून गॅसचं काम पूर्ण तुझ्या हाती. आमच्या धंद्यात याचा अर्थ असा की माणूस कारागीर झाला. मी त्या शब्दावर दोन दिवस तरंगत होतो.

तिसऱ्या दिवशी एका लॉरीखाली पडून काम करत होतो. लॉरी नुकतीच तिरोड्याहून आली होती. माझ्या दंडाचा आतला भाग तिच्या सायलेन्सरच्या पाइपाला लागला आणि कातडी सोलली गेली. आग व्हायला लागली, पण मी ओरडलो नाही. तसाच पडून राहिलो. मला शेठच्या गाडीचा पाइप दिसत होता. तो ठिगळाच्या खालून चार बोटांवरून जात होता, आणि त्याचा एक नट मीच तोडला होता.

लाख उन्हात मऊ पडते आणि विस्तवाजवळ वितळते. हे मला कोणी शिकवायला नको होतं. विळा चुलीजवळ विसरला तर मूठ गळून येते, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. आणि बंद जागेत इंजिनाचा धूर कोंडला तर माणसाला भोवळ येते, हेही मला माहीत होतं. दार लावून इंजिन चालू ठेवलं तर उस्ताद शिव्या देत. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. त्या एकमेकींजवळ कधी आल्या नव्हत्या, इतकंच.

त्या दुपारपासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. रस्त्यावर कोणताही हॉर्न वाजला की मी शेडच्या बाहेर येऊन बघायचो. जेवण उतरेना. उस्तादांनी विचारलं तर दंड दाखवायचो. कधी वाटायचं, पट्टी आहे खालून, ती धरून ठेवेल. कधी वाटायचं, पहिल्याच दिवशी ते गळून पडलं असेल आणि डायवरभाऊंच्या लक्षात येऊन त्यांनी काही कोंबलं असेल. पण मग ते शिव्या द्यायला आले असते. ते आले नव्हते.

शेवटी मीच शेठच्या बंगल्यावर गेलो. डायवरभाऊ गाडी धूत होते. ते देवरीकडच्या एका गावचे, पन्नाशीला आलेले. लढाईत त्यांनी लष्कराची लॉरी हाकली होती. गाडी चालवताना पान नाही, बिडी नाही, कोणी बोललं तरी मान वळवायची नाही. त्यांचं लायसन्स मेणकापडात गुंडाळलेलं असायचं. मी गाडीभोवती घुटमळलो तसे ते म्हणाले,

"काऊन रे बाबू, पोरगी नांदते का नाही ते पाहाले आला का?"

मी हसलो. विचारलं, गाडीत काही वास वगैरे येतो का.

"पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलचा वास येते. अत्तराचा येईल का?" मग फडकं पिळता पिळता म्हणाले, "पण घाटात चढ लागला का धुपासारखा वास येते बरं. देवळात बसल्यासारखं वाटते. शेठ म्हणते तूच उदबत्ती लावतो का."

तो लाखेचा वास होता. आता फक्त बोलायचं होतं. भाऊ, चौथं भोक मी लाखेनं बुजवलं आहे, गाडी आजच्या आज आणा. एवढंच. पण ते उस्तादांच्या कानी गेलं असतं. रिबिट मारली असं मी तोंडानं सांगितलं होतं. दिवाळी गेली असती, आणि कदाचित नोकरीही. मी म्हटलं, सवडीनं एकदा आणा, बघून घेतो.

"फड बंद झाले का आणतो," ते म्हणाले. "आता शेठ मले आंघोळीले सवड देऊन नाही राहिला."

मी परत आलो. दिवस मोजायला लागलो. फड बंद व्हायला तीन आठवडे होते.

आठवडाही गेला नाही. एका दुपारी बातमी आली की शेठची गाडी देवरीच्या अलीकडे सरळ रस्त्यावरून उतरून नाल्यात गेली. समोर कोणी नव्हतं. रस्ता कोरडा होता. शेठच्या खांद्याचं हाड मोडलं, डायवरभाऊंचं कपाळ फाटलं. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यांनी दोघांना बाहेर ओढलं. ते सांगत होते की डायवर स्टेअरिंगवर मान टाकून पडला होता आणि पाणी मारलं तरी बराच वेळ डोळे उघडेना. ऊन इतकं होतं की काचा पूर्ण बंद होत्या. आतून ओले टॉवेल लावलेले होते, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून.

शेठलाही गुंगी आली होती. हे त्यांनी स्वतः सांगितलं. पण ते गाडीत मागं बसले होते. डायवरभाऊंना काढून टाकताना ते म्हणाले ते सगळ्या गोंदियात फिरलं: "सोना मेरा हक है, ड्राइवर का नहीं."

गाडी बैलांनी ओढून लॉरीवर चढवली आणि आमच्याकडे आणली. उस्तादांनी ब्रेक तपासले, स्टेअरिंग तपासलं, दोन्ही ठीक होती. मला म्हणाले, तळ बघून घे. मी दार लावून घेतलं आणि पायपुसणं उचललं. ते खालून काजळीनं काळं झालं होतं. ठिगळाच्या जागी भोक होतं, तळहात जाईल एवढं. लाख तपकिरी थेंबांनी ओघळून पाइपावर जळून चिकटली होती. टिनाची पट्टी एका टोकाला लोंबत होती. पाइपाचा सांधा जिथं मी नट तोडला होता तिथंच उघडला होता, बरोबर भोकाखाली.

हे सगळं उस्तादांना हाक मारून दाखवायला मला चार पावलं चालायची होती. मी छिन्नी घेतली. पाइपावरची लाख खरवडली. पट्टी काढून भंगारात खाली दाबली. तोवर नागपूरचा सिलिंडर आलेला होता. मी भोक जिवंत पत्र्यापर्यंत कापलं, ड्रमचा तुकडा बसवला आणि गॅसनं जोडला. नटाच्या जागी नवा नट लावला. पायपुसणं जाळून टाकलं. आयुष्यात केलेल्या चांगल्या जोडांपैकी तो एक होता. उस्तादांनी विचारलं, "नीचे कुछ?" मी म्हटलं, "कुछ नहीं."

लाख बसवली ती चूक होती. बंगल्यावरून न बोलता परतलो तो भित्रेपणा होता. पण त्या दुपारी छिन्नीनं जे केलं त्याला मी आजही दुसरं नाव देऊ शकत नाही. तो गुन्हा होता.

चारपाच दिवसांनी डायवरभाऊ आले. कपाळाला पट्टी, अंगावर खाकी कपडे नव्हते, धोतर होतं. मी त्यांना धोतरात पहिल्यांदाच बघितलं. उस्ताद बाहेर गेले होते. ते माझ्याजवळ उकिडवे बसले. गाडीकडे त्यांनी बघितलं नाही.

"बाबू, गाडी तू खोलली," ते म्हणाले. "मले खरं सांग. ब्रेक गेला होता का?"

"नाही भाऊ."

"स्टेअरिंगचं काही?"

"नाही. दोन्ही चांगले होते."

त्यांनी विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. त्यांना तिसरं काही विचारायला सुचलं नाही, आणि मी त्यांना सुचवलं नाही. ते जमिनीकडे बघत मान हलवत राहिले.

"म्हणजे मी झोपलोच," ते म्हणाले. "लढाईत तीन तीन रात्री जागून गाडी हाकली, तई नाही झोपलो. मले तर आठवतही नाही बापा डोळा कधी लागला."

मग उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की तू खोटं बोलला असता तर मी तेच धरून बसलो असतो, बरं झालं खरं सांगितलं. आणि निघून गेले.

दिवाळीला उस्तादांनी गॅसचं काम माझ्या हाती दिलं.

डायवरभाऊ गावी परतले. दुसऱ्या एका ठेकेदारानं त्यांना लॉरीवर बोलावलं होतं, त्यांची जुनी ओळख होती. ते गेले नाहीत. एकदा झोपला तो पुन्हा झोपेल, असं ते म्हणाले. गावात त्यांना झोप्या डायवर नाव पडलं. बैलगाडीचा कासराही ते हातात घेत नसत.

दोनेक वर्षांनी मी देवरीला एका कामासाठी जात होतो. बस भरलेली होती, मी मागच्या बाकावर. वाटेत एका फाट्यावर डायवरभाऊ चढले. पुढं जागा होती, कंडक्टरनं बसा म्हटलं, तरी ते बसले नाहीत. डायवरच्या मागचा दांडा धरून उभे राहिले आणि त्याच्याशी बोलायला लागले. धान कसं आहे, पोरं किती, टायर कोणत्या कंपनीचे. डायवर वैतागला. कंडक्टरनं शेजारच्याला सांगितलं की हा म्हातारा प्रत्येक खेपेला असाच उभा राहतो, डायवरला झोप लागू नये म्हणून. लोक हसले. एकानं विचारलं, "काऊन हो, तुम्हीच झोपले होते ना?" डायवरभाऊ मागं न वळता म्हणाले, "हाव. म्हणूनच तर."

मी बाकाखाली काही पडल्यासारखं वाकलो आणि देवरी येईपर्यंत मान वर केली नाही. त्यानंतर मी देवरीकडची कामं घेणं बंद केलं. पुढं ते वारले, तेही मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

आता माझी पत्नी हयात नाही. उस्ताद, शेठ, सगळे गेले. मुलगा विचारत होता की बाबा, तुम्ही दुपारी दचकून का उठता. मी त्याला सांगितलं. त्याला सांगितल्यानं काही झालं नाही. गेल्या महिन्यात त्याला म्हटलं, मला डायवरभाऊंच्या गावी घेऊन चल.

डायवरभाऊंची मुलगी तिथंच दिली आहे, माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी लहान असेल. तिनं ओसरीत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, लाखेपासून छिन्नीपर्यंत. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"बाबा म्हणत मी झोपलो," ती म्हणाली. "ते खोटं बोलणारे नव्हते."

मी म्हटलं की ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं, कारण मी त्यांना तसं वाटू दिलं. माझ्या मुलानं मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तिनं त्याला हातानंच गप्प केलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"मले सांगून काय होते? मी हसली होती का त्यांले?"

ती उठली, पदर खोचला आणि चला म्हणाली. चार घरं सोडून एका ओट्यावर एक अतिवृद्ध माणूस बसला होता. झोप्या डायवर हे नाव यानंच पाडलं, असं तिनं मला चालता चालता सांगितलं. बाकीचे हसणारे मेले, हा राहिला आहे, आणि याला कमी ऐकू येतं.

"जोरानं बोला," ती म्हणाली.

मी बोललो. गाडीत धूर भरला होता, त्यानं डायवरभाऊ बेशुद्ध पडले, तळाचं भोक लाखेनं बुजवलं होतं. शेजारच्या घरांतून बाया बाहेर आल्या. पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला.

"कोणी बुजवलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. त्याला ऐकू गेलं होतं, हे मला दिसलं आणि तिलाही दिसलं.

"आयकू नाही आलं त्याले," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा."

मी पानठेल्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.